लाल ओढणीतला पण

२ फेब्रुवारी, रविवार

लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं! पहिल्याच दिवशी. सगळ्या क्लाससमोर.

"वा. अंधार फार सुंदर टिपलायस," केयूर म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले.

केयूर म्हणजे आमचे गुरुजी. सर म्हणायचं नाही, नुसतं केयूर म्हणायचं — हा क्लासचा पहिला नियम. दाढी, हातात पितळी कडं, आणि वाक्यागणिक 'लाईट'. लाईट वाचा. लाईटशी मैत्री करा. लाईटला तुमच्याकडे येऊ द्या. फोटोग्राफर आहे की वायरमन!

क्लास बोरिवलीला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली कुणाची तरी मुंज, वर आम्ही. जिन्यातून मसालेभाताचा वास येतो आणि हा सांगतो, "फ्रेममधली रिकामी जागा अनुभवा." रिकामी जागा माझ्या पोटात होती. ती भरपूर अनुभवली.

बाकीची वरात काय सांगावी. आयटीतली दोन पोरं, दोघांची एकसारखी बॅग, एकसारखी टोपी. एक काकू, ज्या फक्त जास्वंदीचे फोटो काढणार आहेत. आणि अण्णा. अण्णा विमा कंपनीतून रिटायर झालेत. त्यांची लेन्स म्हणजे तोफ. ती तोफ ते चिमण्यांवर रोखतात.

माझा कॅमेरा मावसभाऊ अनिरुद्धचा. त्याची हौस फिटली, तर मला दिला. "घे, तू काय रिकामाच आहेस." इंजिनिअरिंग मध्येच सोडलं की माणूस सगळ्यांच्या लेखी रिकामा होतो. मास्तर पडद्यावरचं वाचून दाखवायचे. वाचता मलाही येतं! सोडलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याला म्हणावं, आमटी घे." मी समोर बसलेलो असतो.

पुढच्या रविवारी जाणार नव्हतो. पण शेवटच्या रांगेत एक मुलगी होती. सगळे हसले तेव्हा ती हसली नाही. तिने गुपचूप आपल्या लेन्सवरून बोट फिरवून बघितलं — आपलं झाकण निघालंय ना!

जाणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "प्रीतम, लवूआजोबांचा फोटो काढ रे जरा!"

म्हटलं, चला, घरात कुणाला तरी माझी कदर आहे. लवूआजोबा म्हणजे बाबांचे वडील, गिरणीत होते. हॉलच्या भिंतीवर त्यांची फ्रेम, वर चंदनाचा हार. मी स्टूल घेतलं. खिडकीचा पडदा सारला, लाईटला येऊ दिलं. काचेत ट्यूब दिसत होती म्हणून ट्यूब बंद केली. काचेत मी दिसत होतो म्हणून तिरका उभा राहिलो. एवढ्या तयारीने त्या बिचाऱ्यांचा जिवंतपणी कुणी फोटो काढला नसेल.

आई हात पुसत बाहेर आली. मागे रंगारी, ब्रश घेऊन.

"हे काय करतोयस?"

"फोटो काढतोय."

"अरे मेल्या, काढ म्हणजे उतरव! भिंतीला ओल आलीय, हा माणूस खोळंबलाय!"

"मग उतरव म्हण ना! नीट बोलायला काय होतं?"

रंगारी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बाबा पेपरमागून: "त्याला म्हणावं, इंजिनिअर झाला असतास तर एवढं कळलं असतं."

आजोबा आता कपाटावर. हसतायत असं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

स्वरदा! नाव स्वरदा.

राहते मुलुंडला. मुलुंडहून बोरिवलीला येते, दर रविवारी! मुलुंडला काय क्लास नाहीत? दोन बस बदलून कोण मरायला येतं? कुणी येत नाही. नशीब ओढून आणतं.

सीए करते. मेमध्ये परीक्षा. कॅमेरा स्वतःचा नाही, क्लासचा जादा होता तो केयूरने तिला वापरायला दिलाय. का दिला? मला नाही विचारलं कधी, तुला कॅमेरा हवा का. माझ्याकडे आहे, पण विचारायला काय जातं!

आज 'एक्स्पोजरचा त्रिकोण'. अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ — फोटोतला उजेड ठरवणारे तिघे. एक वाढवला की दुसरा कमी करायचा. केयूरने फळ्यावर काढला आणि दोन पावलं मागे जाऊन स्वतःच बघत बसला. त्रिकोण म्हणजे काय ते मला कळायला फळा लागत नाही. एका कोपऱ्यात ती, एका कोपऱ्यात मी, आणि वर हा कडंवाला.

माझे सगळे फोटो हललेले. सगळे! अण्णा म्हणाले, "अरे, शटर दाबतोस की दारावरची बेल?" मी काहीतरी बोलणारच होतो, तेवढ्यात स्वरदा शेजारी येऊन उभी राहिली. माझा कॅमेरा हातात घेतला. फोटो बघितले.

"तू सारखा चिडलेला असतोस ना रे?"

"कोण म्हणतं?"

"तुझे फोटो. हात थरथरतो. श्वास घे. अर्धा सोड. मग थांब, आणि मग दाब."

घेतला. सोडला. थांबलो. ती इतकी जवळ होती की दाबायचं विसरलो.

शेवटी ग्रुप फोटो. ती उभी राहिली नाही. "मी काढते ना," म्हणाली. गेल्या वेळीही तीच काढत होती म्हणे. किती साधी! नाहीतर त्या आयटीवाल्यांना बघा, दर दोन मिनिटांनी स्वतःचंच थोबाड.

मी तिच्या नकळत तिचे तीन फोटो घेतले. एक पाठमोरा, एक हातांचा, एक अर्धा चेहरा. तिन्ही हललेले. तरी पानावर टाकले. नेटवर माझं पान आहे — 'दहिसरचा तिरका डोळा'. आत्तापर्यंत त्यावर चेकनाक्यावरचे ट्रक आणि नदीतला कचरा होता. आता जरा माणसात आलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

श्वास घे. अर्धा सोड. थांब. दिवसभर हेच. आईला वाटलं दमा लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

नॅशनल पार्क. पूर्ण क्लास, सकाळी.

आत शिरायच्या आधी केयूरचं प्रवचन. "माणसांचे फोटो विचारून काढा. आणि कुठे टाकणार असाल तर परत विचारा. समोरच्याचा चेहरा ही त्याची वस्तू आहे." काकूंनी मान डोलावली, जास्वंदीला विचारणार असल्यासारखी. मला हसूच आलं. विचारून काढलेला फोटो म्हणजे आधार कार्ड! माणूस सावध झाला की संपलं. तोंड दोडक्यासारखं लांब होतं.

आत गेल्यावर सगळे पांगले. आयटीवाले एका माकडामागे. माकडाने एकाची टोपी नेली. माकडाची पसंती बरी नाही.

अण्णांना म्हटलं, तोफ द्या ना जरा. त्यांनी दिली. माणूस वाईट नाही, फक्त बोलतो फार. "हळू, लेकासारखी जपलीय." माझ्या कॅमेऱ्याला ती बसली. मी एका सातविणीच्या, का सागाच्या, झाडाआड उभा राहिलो. झाडांची नावं केयूरला विचारा, तो त्यांच्याशीही मैत्री करतो.

आणि लेन्समधून ती दिसली. पांढरा कुर्ता. लाल ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली, नाकापर्यंत. जमिनीवर जवळजवळ पालथी पडून कसल्याशा कोळ्याचं जाळं टिपत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती उठली, स्क्रीनवर बघितलं, आणि ओढणी सोडली. एकदम हसली. एकटीच! जसं कुणी बक्षीस दिलंय आणि कुणाला सांगायचं नाहीये.

श्वास घेतला. अर्धा सोडला. थांबलो.

दाबलं.

हलला नाही! पापणीचा केस न् केस दिसतोय. दाढीवाल्या, ये बघायला! विचारलं असतं तर मिळाला असता हा?

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाकला. खाली लिहिलं: 'बोरिवली. रविवारची सकाळ. हसणाऱ्यांना कारण विचारू नये.' झकास जमलंय.

आईने बघितला. बराच वेळ धरून बसली. "गोड आसा गो चेडू," म्हणाली. आई मनापासून बोलते तेव्हा मालवणी येतं. मग बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर केला. "त्याला म्हणावं—" आणि काही बोललेच नाहीत! बाबांकडून हे म्हणजे भारतरत्न.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एवढे लाइक माझ्या पानाला कधी मिळाले नव्हते. ट्रकांना तर नाहीच. शाळेतले सोबती, ज्यांनी कॉलेज सोडल्यावर ओळख सोडली, ते विचारतायत — कोण रे ही? तुम्हाला काय करायचंय! डिग्र्या कवटाळून बसा.

तिचा मेसेज आला. "हा कधी काढलास??"

दोन प्रश्नचिन्हं! मी लिहिलं, "तू कोळ्याशी बोलत होतीस तेव्हा." पुढे काही आलं नाही. लाजली असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज क्लासमध्ये ती तोंडाला मास्क लावून. बोरिवलीची धूळ, दुसरं काय. मधल्या सुट्टीत सरळ माझ्याकडे आली. मी चहाचा कप खाली ठेवला, सांडला, परत उचलला.

"प्रीतम, मला जरा बोलायचंय. ते फोटो आहेत ना—"

आणि त्याच क्षणी कडंवाला! "स्वरदा! इकडे ये, सगळे इकडे या!" टाळ्या वाजवत. कुठलेतरी वन्यजीव फोटोग्राफर आहेत, जूनपासून त्यांना मदतनीस हवाय, कर्नाटकात वगैरे हिंडायचं. केयूरने हिचं नाव दिलं. तिचं कोळ्याचं जाळं त्यांना दाखवलं. त्यांनी हो म्हटलं!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण कशा वाजवल्या ते माझं मला माहीत. माझं नाव नाही द्यायचं सुचलं? सगळं हिलाच. कॅमेरा हिला, नोकरी हिला. उद्या दाढीपण देईल.

तिचे डोळे भरून आले. मग नजर एकदम खाली गेली. "घरी... परीक्षा झाली की मग..." असं काहीतरी पुटपुटली. अण्णा तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "घाबरू नको बाळा. मेमध्ये मी येतो तुझ्या बाबांशी बोलायला."

अण्णांना हिच्या बाबांशी काय बोलायचंय? म्हाताऱ्यांना प्रत्येक ताटात हात घालायचा असतो.

माझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. ते फोटो आहेत ना — काय? पुढे काय होतं? ते फोटो आहेत ना, फार आवडले. ते फोटो आहेत ना, मी रोज बघते. केयूर, तुला पाप लागेल!

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. देवा शंकरा!!

हात थरथरतोय. श्वास घे. अर्धा सोड.

तिचा मेसेज, जसाच्या तसा: "प्रीतम, माझे फोटो काढशील ना प्लीज? शनिवारपर्यंत. आणि कुणाला बोलू नकोस."

माझे. फोटो. काढशील ना.

केयूरला नाही सांगितलं. तोफवाल्या अण्णांना नाही. मला! आणि कुणाला बोलू नकोस! शनिवारी क्लास गोराईला जाणारच आहे, बोटीने. म्हणजे तिने सगळा विचार केलाय. खाडी, तिवरं, संध्याकाळचं ऊन.

मी लिहिलं, "तू म्हणशील तसे काढतो."

ती: "सगळेच. लाल ओढणीतला पण."

म्हणजे ती लाल ओढणी घालून येणार! स्वतःहून! तोच फोटो तिला परत हवाय, जवळून, माझ्या समोर उभं राहून!

मी: "लाल ओढणीतला तर सगळ्यात आधी काढणार!"

ती: "थँक यू रे. सुटले."

सुटले म्हणाली! किती दिवस मनात धरून ठेवलं असेल बिचारीने. 'ते फोटो आहेत ना' — हेच होतं ते!

उपास विसरून बटाटेवडा खाल्ला. आईने शंकराची माफी मागितली, माझ्यातर्फे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तयारी. थर्माकोलचा मोठा तुकडा आणला, चेहऱ्यावर ऊन परतवायला. आईला गॅलरीत बसवून सराव. अर्ध्या तासाने म्हणाली, "माझी भाकरी करपतेय, तुझं ऊन आवर."

मग एकदम: "कोण आहे रे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी मला भाजतोयस ती."

मी थर्माकोल पुसायला घेतला.

"फोटो काढला म्हणून कुणी आपलं होत नाही हो. तुझ्या लवूआजोबांनी आख्ख्या गिरणीचे फोटो काढले होते. गिरणी ठेवली का कुणी?"

आईला प्रेमातलं काय कळतं. गिरणी काय, स्वरदा काय!

रंगारी गावाला पळालाय. अर्धी भिंत पांढरी, अर्धी तशीच. आजोबा कपाटावरच.

१ मार्च, शनिवार

आली नाही.

सगळे बोरिवलीच्या धक्क्यावर जमले. मी आईने इस्त्री केलेला शर्ट घालून, काखेत थर्माकोल. आयटीवाल्यांपैकी एक म्हणाला, "फ्रिज घेतलास का नवीन?" मी लक्ष दिलं नाही. बोट लागली. सगळे चढले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या बोटीने येतो.

अण्णा खाली उतरले. "प्रीतम, स्वरदाची वाट बघतोयस का? अरे ती नाही यायची आज. उद्या तिच्या आत्याकडे—"

"मला माहितीये ती कधी येणार ते! तुम्ही तुमच्या चिमण्या बघा!"

म्हातारा तोफ सांभाळत बोटीत चढला.

एक बोट गेली. दुसरी गेली. तिसरी. वाऱ्याने थर्माकोल उडालं आणि एका कोळणीच्या टोपलीवर आपटून दोन तुकडे झाले. तिने जे ऐकवलं ते लिहीत नाही. फोन लावला, उचलला नाही. ऑफिसात असेल, घरात असेल, बाबा शेजारी असतील — एक मेसेज टाकता येत नाही? 'सुटले' टाकता येतं!

मी काय तिचा पगारी फोटोग्राफर आहे? बोलवायचं, शर्टाला इस्त्री करायला लावायची, आणि स्वतः कुठल्यातरी आत्याकडे? आणि अण्णांना माहीत! मला नाही, अण्णांना!

क्लासची मंडळी उन्हात लाल होऊन परतली. केयूर म्हणाला, "काय रे, मिळाला का लाईट?" मी थर्माकोलचे तुकडे गोळा करत राहिलो.

धक्क्यावरच बसलो आणि तिचे होते नव्हते ते सगळे फोटो परत टाकले. पाठमोरा, हातांचा, अर्धा चेहरा. पार्कातले राहिलेले पण. लाल ओढणीतला सगळ्यात वर. नावानिशी. खाली लिहिलं: 'स्वरदा. राहणार मुलुंड. दर रविवारी सकाळी बोरिवलीच्या फोटोग्राफी क्लासात भेटते. बोलावून मात्र येत नाही!'

आता बघू दे लोकांना.

घरी पोचेपर्यंत तिचा फोन. उचलला नाही. परत. नाही उचलला. आता कळतंय का वाट बघणं काय असतं? परत. परत. शेवटी फोनच बंद करून टाकला.

२ मार्च, रविवार

फोन बंदच. क्लासला गेलो नाही. झुरू दे.

३ मार्च, सोमवार

फोन चालू केला. काल संध्याकाळचा एकच मेसेज.

"राहू दे आता."

एवढंच! ना सॉरी, ना कारण. राहू दे म्हणे. मी काय भीक मागत होतो तुझे फोटो काढायला? तूच म्हणाली होतीस! राहू दे तर राहू दे. मला पण हौस नाही.

६ मार्च, गुरुवार

ट्रकचे फोटो काढले. सगळे हललेले.

९ मार्च, रविवार

सगळं एकदाच लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

क्लासला गेलो. ठरवलं होतं, तिच्याकडे बघायचंच नाही. बघायचा प्रश्नच आला नाही. ती नव्हती. केयूरच्या टेबलावर तिचा कॅमेरा होता — क्लासचा, तिच्याकडे असायचा तो. पट्टा नीट गुंडाळून भोवती बांधलेला. झाकण लावलेलं.

खालून सनईची रेकॉर्ड येत होती. काकूंनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता.

अण्णांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून. सकाळी तिचे वडील येऊन गेले. कॅमेरा टेबलावर ठेवला. "ही तुमची वस्तू," म्हणाले. दुसरा शब्द नाही. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही.

घरी तिने सांगितलेलं की रविवारी बोरिवलीला मैत्रिणीकडे सीएचा अभ्यास करते. घरात फोटोग्राफीचं नाव काढलं तरी वडील जेवण सोडायचे. म्हणून इतक्या लांबचा क्लास, जिथे ओळखीचं कुत्रं भेटणार नाही. मेमध्ये परीक्षा देणार, पास होणार, मग अण्णा जाऊन बोलणार. जूनची नोकरी ठरलेलीच होती. सगळं नीट जमवलं होतं पोरीने.

"गेल्या रविवारी आत्याकडे सगळे जमले होते. आतेभावाने फोन पुढे केला. म्हणाला, मामा, ही आपली स्वरदाच ना? लाल ओढणीतला फोटो. खाली नाव, गाव, वार, सगळं." अण्णांनी खिडकी लावून घेतली. "जूनचं गेलं. परीक्षेपर्यंत फोनही काढून घेतलाय. घ्यायच्या आधी तिने मला हे सगळं कळवलं."

माझं डोकं फिरलं. माझा फोटो! माझा लाल ओढणीतला फोटो कुणीतरी उचलला आणि भलतीकडे फिरवला! कुणी? क्लासचं पान कुणाचं आहे? लाईट लाईट करत जाहिरात कोण करतं?

मी केयूरची कॉलर धरली. खरंच धरली. कडं माझ्या मनगटाला लागलं, रक्त आलं. "तू टाकलास! तुझ्या क्लासच्या जाहिरातीला तू वापरलास तिला!"

आयटीवाले धावले. केयूरने त्यांना हाताने थांबवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी? अरे, क्लासच्या पानावर कुणाचाच चेहरा नाही. प्रीतम, तिने तुला सांगितलं होतं ना काढायला?"

"हो! मलाच सांगितलं होतं काढायला! तुला नाही, मला!"

"मग?"

"मग काय मग? मी तर शनिवारी धक्क्यावर दिवसभर उभा होतो, थर्माकोल घेऊन! तीच आली नाही!"

केयूरने माझे हात कॉलरवरून सोडवले, एक एक बोट. काकू रडत होत्या. अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने, जसं मला काहीतरी झालंय. ताप वगैरे.

"घरी जा बाळा," म्हणाले.

तिलाही बाळाच म्हणायचे.

का बघत होते असे सगळे? मी काय केलंय? तिने सांगितलं, मी हो म्हटलं, मी गेलो. शब्द मोडला कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी! हा दाढीवाला काहीतरी लपवतोय. छडा लावणार. सोडणार नाही.

१० मार्च, सोमवार

रंगारी आला. भिंत झाली. आईने कपाटावरून लवूआजोबांची फ्रेम काढून पुसून माझ्या हातात दिली. मी स्टुलावर. दोरी खिळ्यात अडकेना.

आई खालून: "नीट बसव रे. परत काढायला लागता कामा नये."

तसाच उभा राहिलो, फ्रेम हातात. काचेत माझं तोंड.

लाल ओढणीतला पण.

काढ म्हणजे उतरव.